चुकीच्या नंबरवर मागितलेली माफी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. हल्ली ते जरा जास्तच उजवीकडे कलंडतं, पण आहे माझंच. न वाचता टाकून द्यावंसं वाटलं तर तुला दोष देणार नाही. एवढंच कर, टाकण्याआधी शेवटचं पान वाच. तिथे जे लिहायचंय ते सुरुवातीलाच लिहावं म्हणून मी तीन वेळा बसलो आणि तिन्ही कागद फाडले. तेव्हा आता सुचेल तसं लिहीत जातो. तिथवर पोचेन, पळून जाणार नाही.

आधी इकडचं सांगतो. कामाची खोली तशीच आहे. खिडकीखाली माझं टेबल, भिंतीला लागून तुझं. काम मात्र कमी केलंय. आता दोनच डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, आठवड्याला चार-पाच कवळ्या होतात. दात बसवण्याचं बारीक काम मी दोन चष्मे एकावर एक चढवून करतो, त्यामुळे एखादा पेशंट थेट इकडे आला तर आधी मला बघूनच तोंड उघडतो. तुझ्या टेबलावर मी कुणाला बसवलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. कुणी आलंच नाही. तिथे प्लास्टरच्या पिशव्या ठेवल्यात. दर सोमवारी त्या उचलून खालची धूळ पुसतो. का ते विचारू नकोस.

तुझ्या मावशीने तुला सांगितलं असेलच की माझे पैसे गेले. ती सांगते तेव्हा त्यात माझा गाढवपणा तेवढा असतो. तो होताच. पण ते कसं झालं हे तिलाही पूर्ण माहीत नाही, कारण मी कुणालाच पूर्ण सांगितलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो. फोन वाजला म्हणून बघितलं, तर मेसेज: ‘बाबा, माझा फोन पाण्यात पडला. हा माझा नवीन नंबर. जुना काढून टाका.’ खाली नाव नाही, फोटो नाही. मी उठून बसलो. तुझा आवाज ऐकून तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुझा जुना नंबर कधीच बंद पडला होता. नवा मावशीकडे आहे हे मला माहीत होतं, पण तिच्याकडे मागायचा म्हणजे माझ्या पोरीचा नंबर माझ्याकडे नाही हे कबूल करायचं. ते माझ्याच्याने झालं नव्हतं. आणि आता तूच आपण होऊन आली होतीस.

‘काढून टाका’ हे मला खटकलं होतं, ठमे. खटकलं नाही असं खोटं सांगणार नाही. तू मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नाहीस. तुझी आई ओरडायची, बापाला अरे-तुरे करते म्हणून, आणि तू म्हणायचीस, ‘मग काय, डॉक्टर आहे का तो?’ पण मी मनाची समजूत घातली. इतक्या अबोल्यानंतर पोरगी जरा परक्यासारखी बोलणारच. मी लिहिलं, ‘ठमे, तू आहेस का?’ उत्तर आलं, ‘हो बाबा, ठमीच.’ आता बघ, तुझं नाव मीच त्यांच्या हातात दिलं. पोलिस चौकीतल्या बाई नंतर म्हणाल्या, असला मेसेज ते एका दिवसात हजारो लोकांना पाठवतात. कुठल्या ना कुठल्या बापाची पोरगी दूर असतेच. पुढचं सगळं बापच पुरवतो.

दोन दिवस त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. जेवलात का, गुडघा कसा आहे, औषध वेळेवर घेता ना. गुडघ्याचंही मीच आधी लिहिलं असणार, पण तेव्हा कोण मागे जाऊन बघतंय. तुला कधी माझ्या औषधांची चौकशी करायची सवय नव्हती. तू औषधाची गोळी आणि पाण्याचा ग्लास टेबलावर आपटायचीस आणि मी ती घेईपर्यंत समोर उभी राहायचीस. हेसुद्धा मला आठवलं. तरी वाटलं, माणसं बदलतात, दूर राहून मऊ होतात.

दुसऱ्या दिवशी मी तुझी माफी मागितली.

एका बोटाने लिहिलं सगळं. दीड तास लागला. तुझ्यासमोर तोंडातून जे निघालं नव्हतं ते त्या एवढ्याशा काचेवर निघत गेलं. मी लिहिलं, की रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या त्या बाईंची कवळी तू केली होतीस. मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा त्यांच्या ‘स’मधून शीळ वाजली. सरकार म्हणायला गेल्या की कुकर वाजल्यासारखं व्हायचं. निवृत्त झाल्या होत्या, पण अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या आणि ते थांबलं म्हणून रडायच्या. मी म्हणालो होतो, या वयात एवढं चालायचंच. तू त्यांना चार दुपारी समोर बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलंस. दर ओळीला थांबवून कवळी काढून घेतलीस, पुढच्या दातांमागचा भाग केसाएवढा घासलास आणि पुन्हा बसवलीस. पाचव्या दिवशी शीळ गेली. त्यानंतर आपल्याला काम देणारे मोठे डॉक्टर त्यांना घेऊन आपल्या खोलीत आले, हात पुढे करून म्हणाले, ‘कुणाचं हे काम?’ आणि मी म्हणालो, ‘माझंच. चाळीस वर्षांचा हात आहे.’

तू पॉलिशच्या मशीनपाशी होतीस. मशीन चालू होतं म्हणून तुला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर असं वाटून घ्यायला मला आवडलं. बाई गेल्यावर तू मशीन बंद केलंस, हात धुतलेस आणि विचारलंस, ‘बाबा, असं का बोललास?’ तेव्हा सरळ चुकलो म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, नाव कुणाचंही असो, काम घरचंच ना. वर हेही म्हणालो, की डॉक्टर लोकांना बाईच्या हातच्या कामावर विश्वास नसतो, मी धंदा सांभाळला. आठ वर्षं माझ्या शेजारी बसून तू काम शिकलीस, शेवटी माझ्यापेक्षा चांगलं करायला लागलीस, आणि मला त्याचा अभिमान वाटायच्या ऐवजी भीती वाटली. हे वाक्य मी त्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. निघताना दारात चप्पल घालत होतीस तेव्हा मी आत साच्यांसमोर बसलो होतो. प्लास्टर घट्ट होईल म्हणून उठता आलं नाही, असं नंतर मावशीला सांगितलं. प्लास्टर कालवलंच नव्हतं.

हे सगळं लिहून पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. बघवेना. थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘जाऊ द्या बाबा. मी कधीच विसरले.’

मी रडलो, ठमे. तुझी आई गेली तेव्हासुद्धा लोकांसमोर आवरलं होतं. संध्याकाळी काही कारण नसताना दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला जाऊन सांगितलं की माझ्या मुलीशी बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी पैसे मागितले. नव्या खोलीची अनामत भरायची होती, नव्या फोनवर बँकेचं अॅप अजून सुरू झालं नव्हतं, चार दिवसांत परत करते. पाठवायला गेलो तर पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच आलं, कुणा पुरुषाचं. विचारलं तर म्हणे घरमालकाच्या मेहुण्याचं खातं आहे. मेहुणे लोक असतातच जगात. पाठवले. आठवड्याने दवाखाना निघाला, तेव्हा आणखी तिसरंच नाव होतं. तेही पाठवले. मी फोन लावून बघितला नाही असं नाही. लावला, की कट व्हायचा आणि मेसेज यायचा, ‘माईक बिघडलाय बाबा.’ माझा माईक नव्हता ना बिघडला, मी बोललो असतो. पण मी पुन्हा लावला नाही. आवाज ऐकायचा मला धीर नव्हता. समजा तो आवाज तुझा निघाला नसता तर?

तिसऱ्या वेळी रक्कम मोठी होती, म्हणून मुदत ठेव मोडायला बँकेत गेलो. खिडकीमागे एक बाई असतात, गळ्यात दोरीला चष्मा, फार बारीक आवाजाच्या. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला आणि विचारलं, ‘काका, रागावू नका, पण मुलीचा आवाज ऐकलात का? जुन्या नंबरवर, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून खात्री केलीत का?’ सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, ‘माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये पडू नका, आधीच खूप जण पडलेत.’ कोण पडलं होतं ग आपल्या मध्ये? माझ्याशिवाय कुणीच नाही. बाईंनी अर्ज खाली ठेवला. तरी म्हणाल्या, ‘आज नको, उद्या या. एका दिवसाने काही बिघडत नाही. घाई करायला लावतो तोच फसवतो, काका.’ मी नाही ऐकलं. ठेव मोडली, पैसे खात्यात आले आणि तिथल्याच बाकावर बसून पाठवून दिले. वाटेत थांबावं एवढाही वेळ मी स्वतःला दिला नाही.

त्यानंतर तिकडून काही आलं नाही. मी विचारत राहिलो: पोचले का, बरी आहेस का, काही चुकलं का माझं. मग माझे मेसेज जायचेच बंद झाले.

आणि आता ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते. शेवटचे पैसे पाठवल्यावर चौथ्या दिवशीच मला कळून चुकलं होतं. तरी मी चौकीत गेलो तेराव्या दिवशी. तिथल्या बाई तक्रार लिहून घेताना म्हणाल्या, ‘त्याच दिवशी कळवलं असतं तर पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता आलं असतं. तेरा दिवस काय करत होतात?’ मी म्हणालो, ताप आला होता. काय सांगणार होतो? तक्रार लिहायची म्हणजे ते ‘जाऊ द्या बाबा’ कुणा चोराने लिहिलंय असं सही करून द्यायचं. पैसे गेले हे मी एका रात्रीत गिळलं असतं. तू मला माफ केलेलंच नाहीस, हे गिळायला तेरा दिवस लागले.

बँकेतल्या त्या बाईंकडे पुन्हा जाताना लाज वाटत होती. पण त्या ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या फोनवरून एका वेळी जास्त पैसे जाऊ नयेत म्हणून मर्यादा घालून दिली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. नव्या नंबरवरून कुणी आपलं माणूस म्हणून बोललं तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. घेणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय पिन घालायचा नाही, आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेलाही. आजकाल यंत्राने माणसाचा आवाजसुद्धा काढतात म्हणे, म्हणून घरच्याच माणसाला ठाऊक असेल असा एखादा प्रश्न विचारायचा. तो कागद मी टेबलासमोर चिकटवला. कानाला खडाच लावला. येईल त्या पेशंटला, दुधवाल्याला, चष्मेवाल्याला मी तो वाचून दाखवायचो. चष्मेवाला म्हणाला, ‘दादा, तुम्ही कवळी कमी आणि प्रवचन जास्त देता.’ सहा महिन्यांत मला दोन खोटे फोन आले, एक वीज तोडणारा आणि एक बक्षीस देणारा. दोघांनाही मी असं झापलं की त्यांनीच फोन ठेवला. मला माझाच अभिमान वाटायला लागला होता.

आता शेवटचं पान.

गेल्या महिन्यात, मंगळवारी, साडेचारच्या सुमाराला मी मेण वितळवत होतो. अनोळखी नंबर होता. मागे कसली तरी घरघर चालू होती आणि बाईचा आवाज म्हणाला, ‘बाबा, मी बोलतेय. तुम्ही कसे आहात?’

तुम्ही. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं पक्कं झालं. पुन्हा तेच, आणि यावेळी आवाजासकट. मी शांतपणे मेण बाजूला ठेवलं. आपलं भांडण विचारण्यात अर्थ नव्हता, ते मी चोरांना आधीच लिहून दिलं होतं. म्हणून विचारलं, ‘माझी मुलगी असशील तर सांग, लहानपणी कपाटामागे काय लपवलं होतंस?’ तू जरा हसलीस आणि म्हणालीस, ‘बाबा, हे काय विचारताय? मला नाही आठवत.’ तू सात वर्षांची होतीस. बिघडलेल्या कवळ्यांचे दात दोऱ्यात ओवून आईसाठी माळ केली होतीस, आणि ती सापडल्यावर आई किंचाळली होती. मी ही गोष्ट इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली आहे, की तुला ती आठवत नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मग मी जे बोललो ते तुला पाठ असेल. तरी लिहितो, कारण नाकारायची सोय ठेवायची नाही. मी म्हणालो, ‘थोडी लाज बाळग. माझी मुलगी मला कधीही फोन करणार नाही, मी तिला चांगलं ओळखतो. तिच्या नावावर पुन्हा पैसे मागायला आलीस तर पोलिसांत देईन.’ तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. चोर असं ‘बरं’ म्हणून फोन ठेवत नाहीत, ठमे. ते अजिजी करतात, नाहीतर शिव्या घालतात. मी दोन खोटे फोन घेतले होते, एवढं तरी कळायला हवं होतं, आणि ते ‘तुम्ही’ इतक्या वर्षांच्या अबोल्याने आलं असेल हेही. पण मी तुझा नंबर ब्लॉक केला, हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘शाब्बास काका. एकदा खात्री केलीत ना घरी?’ मी म्हणालो, ‘त्यात काय खात्री करायची?’

परवा रविवारी मावशी आली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘भावजी, काय बोललात हो पोरीला?’ मग तिच्याकडूनच कळलं, की तू स्वतःची कामाची खोली घेतली आहेस आणि मागे घरघर होती ती तुझ्या नव्या मशीनची. तुझ्याकडे एक सुतार आला आहे, जबड्याचं ऑपरेशन झालेला, दोन बोटांपलीकडे तोंड उघडत नाही, आणि तीन जणांनी त्याला नाही म्हटलंय. ‘बाबांनी असं एक काम केलंय, विचारून बघते,’ असं तिला सांगून तू मला फोन लावला होतास. मावशीकडे मी तुझा पत्ता मागितला, आयुष्यात पहिल्यांदा. तिने तो लिहून दिला. तुझा नंबर मी मोकळा केलाय, पण मी फोन करणार नाही. तुला उचलावासा वाटेल की नाही, या पेचात तुला टाकायचं नाही.

म्हणून हे पत्र. तू जे विचारायला फोन केला होतास त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. अख्खा ठसा एकदम घ्यायच्या नादी लागू नका. तुझ्या डॉक्टरांना सांग, दोन भागांत घ्या: आधी दुखरी बाजू, ती बाहेर काढून मग दुसरी, आणि दोन्ही एकमेकांवर नेमके बसतील अशी मध्ये खाच ठेवा. कवळीही दोन तुकड्यांत कर, तोंडात गेल्यावर जोडता येईल अशी. मी जोडाला बारीक लोहचुंबक बसवले होते. खिट्टीपेक्षा ते बरे, कारण अशा माणसाच्या बोटांना तोंडात फार खटपट करता येत नाही. जोडाच्या कडा मी पहिल्यांदा जाड ठेवल्या आणि त्या बिचाऱ्याचा गाल सोलवटला. तू तसं करू नकोस, पातळ घास आणि त्याला आठवडाभर रोज बोलावून बघत राहा. माझे तेव्हाचे साचे वेगळ्या खोक्यातून पाठवलेत, खोक्यावर माझाच पत्ता आहे, तरी खात्री हवी असेल तर मावशीला विचार. तो सुतार चार महिने नुसतं पातळ पिऊन राहिलाय म्हणे. माझ्यावरचा राग राहू दे, ठमे. त्याचं काम आधी कर.

तुझाच,
बाबा